पोटावर पेपर बांधून बालीला

बालीहून आल्यापासून वाडीतल्या बायका नळावर, गिरणीत, जिथं भेटतील तिथं एकच विचारतात, "कसं काय होतं गं तितं?" मी म्हणते, "बरं होतं." त्या जरा थांबतात, मी आणखी काही सांगेन म्हणून. मग हंडा उचलून जातात. त्यांची काही चूक नाही. चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे, आणि लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही. म्हणून तेजूच्या कॉलेजातल्या अर्ध्या कोऱ्या वहीत सगळं लिहून ठेवते आहे.

वाडी, उरवड्याच्या अलीकडे

तेजू माझी एकुलती एक मुलगी. हिंजवडीला नोकरी करते, बावधनला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि शनिवारी घरी येते. तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं. उन्हाळ्यात एका शनिवारी ती भाकरी खाता खाता म्हणाली, "आई, लग्नाआधी आपण दोघींनीच कुठंतरी जायचं. आठ दिवस. बालीला."

मी म्हटलं, "बाली कुटं आलं?"

"समुद्राच्या पलीकडं. विमानानं."

मी तव्यावरची भाकरी उलटली. हे, म्हणजे तेजूचे वडील, अंगणातून म्हणाले, "जा की. श्रावणात लावणी उरकलेली असती. म्हशीचं मी बघतो." तीस वर्षांत त्यांनी म्हशीचं काही बघितलेलं नाही, पण म्हणाले.

खरं सांगायचं तर मला जायचं होतं. तेजू लहान होती तेव्हा मी खाचरात असायची. ती शाळेत गेली तेव्हा आम्ही मागं तीन खोल्या बांधल्या आणि पिरंगुटच्या कंपन्यांत काम करणारी पोरं भाड्यानं ठेवली. मग त्यांचे डबे. ती मोठी झाली आणि बावधनला गेली. आम्ही दोघीच, मधे कुणी नाही, असा एक पूर्ण दिवस आमच्या वाट्याला कधी आला नव्हता. आता आठ येत होते. पण त्या आठ दिवसांच्या दारात विमान उभं होतं.

मी आठ-नऊ वर्षांची असताना जत्रेतला मोठा पाळणा अगदी वरच्या टोकाला बंद पडला होता. शेजारी आत्या होती. ती खालच्या लोकांना शिव्या देत होती, त्यामुळे पाळणा आणखी हलत होता. खाली उतरल्यावर मी पहिली ओकले ती पाळणेवाल्याच्या पायावर. तेव्हापासून मला उंच जागा सोसत नाही. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मी भिंतीला पाठ लावून उभी राहते. ताम्हिणी घाटात एसटीत बसले तर डोळे मिटते ते थेट कोकणात उघडते.

हे तेजूला सांगून मोकळं व्हावं, तर पोर अशी की मी शिंकले तरी बेत मोडते. मागच्या वर्षी दोन दिवस समुद्रावर जायचं ठरलं होतं. "घाटाची जरा भीती वाटते बाई," एवढं माझ्या तोंडून गेलं आणि तिनं त्याच मिनिटाला बुकिंग रद्द केलं. ते दोन दिवस मी तांदूळ निवडले आणि ती मोबाईल बघत बसली. या वेळी मी ठरवलं, तोंड उघडायचं नाही. भीतीची सवय करायची.

बावधन

तेजू राहते ती इमारत अकरा मजल्यांची आहे. तिथली लिफ्ट एका बाजूनं काचेची, वर जाताना सगळं बाहेरचं दिसतं. ही जागा आपल्याला बरी, असं वाटलं. तेजू कामावर गेली की मी डबा द्यायच्या निमित्तानं पिरंगुटहून बसनं जायची, डबा तिच्या खोलीत ठेवायची आणि लिफ्टमध्ये उभी राहायची.

पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले, डोळे मिटून. दुसऱ्या दिवशी पाचव्या. तिथं लिफ्ट जरा अडखळायची आणि मी दांडा धरून खाली बसायची. तिसऱ्या दिवशी मी चौथ्यांदा खाली आले तेव्हा वॉचमन दाराशी उभा होता. जाडजूड, मिशीवाला.

"मावशी, मघापासून बघतोय. कितव्या मजल्यावर जायचंय तुमाला?"

"कुठल्याच नाही."

"मग?"

"वर जायचं आणि खाली यायचं."

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्याच्या डोक्यात काहीतरी आलं. "लिफ्टची तपासणी हाय का?"

मी मान डोलावली. खोटं बोलायला तोंड उघडावं लागलं असतं तर जमलं नसतं.

"मग हितं सही करा की. असं कसं." त्यानं वही पुढं केली. नावाच्या खाली मी सुमन लिहिलं आणि कामाच्या खाली लिफ्ट. तो खूश झाला. म्हणाला, "पाचव्याला अडकती, तेवढं वर कळवा. मी सांगून दमलो."

आठव्या दिवशी मी अकराव्या मजल्यावर डोळे उघडले. खाली चांदणी चौकातल्या गाड्या मुंग्यांसारख्या चालल्या होत्या आणि पलीकडे आमच्या बाजूचे डोंगर दिसत होते. मी भिंत सोडून उभी होते. मला वाटलं, जमलं. मग खाली येताना एक विचार आला आणि सगळं पाण्यात गेलं. लिफ्टला वरून दोर असतो. विमानाला काय असतं?

देवीपुढे

मग मी आमच्या देवीला कौल लावायला गेले. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवायचं आणि आपला प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मनातलं सांगते, मी 'नाही' ऐकायलाच गेले होते. देवीनं नाही म्हटलं तर माझ्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा उरत नाही.

पूजा हौसाकाकू करतात, गुरवाची बायको. त्यांनी फुलं लावली. मी हात जोडून पुटपुटले, "आई, मी पोरीबरोबर परदेशी जाऊ का?"

दहा मिनिटं काही नाही. मग डावं फूल टपकन पडलं.

हवं होतं तेच मिळालं होतं. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागच आला म्हणा ना. अशी कशी ही बाई नाही म्हणते? आठ दिवस फक्त मागितले होते.

हौसाकाकू माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी वर बघितलं. "अगं, थांब थांब. पंखा कुणी लावला?"

रस्त्याकडची जमीन विकलेल्या एका घरानं देवळात नव्या फरशा आणि पंखा दिलाय. तो गरागरा फिरत होता.

"ह्यो कौल न्हाई चालायचा. वाऱ्यानं पडलं ते. परत लावू. पण खरं खरं इचार. तोंडात एक नि पोटात एक असलं की आमची बाई गप बसती."

पंखा बंद केला. घामाच्या धारा लागल्या. मग मला ते मोठ्यानं म्हणावंच लागलं, "आई, मला विमानाची लई भीती वाटते. पण पोरीबरोबर जायचंय."

तास झाला. एकही फूल हललं नाही. हौसाकाकू म्हणाल्या, "न्हाई बोलत. म्हंजी तुजं तू बघ." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "कुणाला सांगायची न्हाई मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पहिल्या बाईनं मला आलेपाकाची वडी दिली. दुसरीनं आवळासुपारी. तिसरीनं रुमालात कांदा बांधून आणला, हुंगायला. मागच्या खोलीतल्या नांदेडच्या पोरानंसुद्धा दारातून सांगितलं, "काकू, विमानाच्या पंखाजवळची सीट मागा, हलत नाही." मी लाजेनं मेले. पण एक गोष्ट खरी, एवढ्या तोंडांतून ते गुपित फिरलं आणि तेजूच्या किंवा ह्यांच्या कानावर एक अक्षर गेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी हौसाकाकू आल्या. काखेत वर्तमानपत्र.

"ह्ये पोटावर बांध. आडवी घडी, अंगाला लागून, परकराच्या नाडीत खोचायची. गाडी लागत न्हाई."

"काकू, मला गाडी लागायची नाही, भीती वाटायची आहे."

"मग भीती कुटनं येती? पोटातनंच वर येती न्हवं?"

मी पेपर घेतला.

विमानतळ

विमानतळावर एक गोष्ट लक्षात आली, की तिथं सगळे घाईत असतात पण कुणी पळत नाही. तेजू कागद दाखवत पुढं, मी मागं. पोट आत ओढून चालले होते. पेपर वाजू नये म्हणून.

मग तपासणी आली. बायकांसाठी पडद्याचा आडोसा होता. आत खाकी कपड्यातली एक मुलगी. तिनं हातातलं यंत्र फिरवलं, ते काही बोललं नाही. मग तिनं हातानं चाचपलं आणि माझं पोट कुरकुरलं.

"ये क्या है?"

"पेपर."

"कैसा पेपर? निकालिए."

मी काढला. तिनं घडी उलगडली, उजेडाकडे धरली, पुढून बघितली, मागून बघितली. कोपऱ्यात राशिभविष्य होतं. मग तिनं तिच्या वरच्या बाईंना हाक मारली. त्या आल्या, पेपर बघितला, मला बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"गाडी लागते का, मावशी?"

"भीती वाटते."

"माझी आईपण बांधायची. सातारा ते मुंबई." त्यांनी स्वतः घडी घातली आणि माझ्या हातात दिली. खाकीतली मुलगी तोंडावर हात धरून हसत होती, पण वाईट हसणं नव्हतं ते.

पडद्याबाहेर तेजू उभी होती. "आई, पेपर कुठून आणलास? आत वाचायला देतात का?"

सातारच्या बाई मागून म्हणाल्या, "तुमच्या आईच्या पोटावर होता. सांभाळून न्या त्यांना."

तेजूचं तोंड उतरलं. तिनं मला एका बाकावर बसवलं. "किती दिवस?"

"काय?"

"भीती किती दिवस आहे?"

"जत्रेपासून."

"कुठल्या जत्रेपासून?"

मग मी सगळं सांगितलं. पाळणा, लिफ्ट, वहीतली सही, पंखा, कांदा. सांगता सांगता ती रडायला लागली आणि लिफ्टवर आल्यावर हसायला लागली, आणि दोन्ही एकदम चाललं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आपण आता घरी तांदूळ निवडत असतो."

समोरच्या काचेतून एक विमान हळूहळू चाललं होतं, आमच्या म्हशीसारखं, कुठलीच घाई नसल्यासारखं. तेजू म्हणाली, "अजून परत जाता येईल. तू म्हणशील तसं. खरंच."

खरंच तिनं माझ्यावर सोडलं होतं. देवीनं सोडलं तसंच. मी पेपरची घडी तिच्यापुढं धरली आणि म्हटलं, "बांधून दे. मला एकटीला नीट बांधता येत नाही."

ती मला बायकांच्या बाथरूममध्ये घेऊन गेली. नाडी घट्ट ओढून विचारलं, "इतकं?" मी म्हटलं, "आणखी."

वर

विमान पळायला लागलं तेव्हा मी डोळे मिटले. लावणीला पहिल्यांदा उतरले तेव्हा सासूबाईंनी एक सांगितलं होतं, वर बघायचं नाही. खाचर केवढं उरलंय ते बघितलं की कंबर मोडते. हातातली रोपांची मूठ बघायची, तीन-चार काड्या काढायच्या, चिखलात टोचायच्या, एक पाऊल मागं. टाचेला बांध लागला की समजायचं संपलं.

मी तेच केलं. आमचं ओढ्याकडचं खाचर मनात घेतलं, सगळ्यांत लांब आहे ते. टोच, पाऊल मागं. टोच, पाऊल मागं. कानात दडे बसले, पोट खाली राहिलं आणि मी वर गेले असं वाटलं, मधे एकदा सगळं खडखडलं. मी लावत राहिले. टाचेला बांध लागला तेव्हा डोळे उघडले. तेजूचा हात माझ्या हातात पांढरा पडला होता.

"आई, सोड आता. जेवण आलंय."

बाली

उबुद नावाच्या गावाजवळ एका घरात आम्ही उतरलो. गाडी चालवणारा कतूत. त्यानं सांगितलं, त्यांच्यात नावं जन्माच्या क्रमानं ठेवतात. पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा कतूत. पाचवा झाला तर पुन्हा वायान. तेजूनं मला मराठीत समजावलं. माहेरी भावंडांत मी दुसरी, म्हणजे मादे. आठ दिवस तो मला इबू मादे म्हणाला, मादेआई.

तिथं रोज सकाळी बायका माडाच्या पानांची छोटी चौकोनी टोपली करतात, त्यात फुलं, भाताची चार शितं, कधी बिस्किटसुद्धा, वर उदबत्ती, आणि ती देवापुढे ठेवतात तशी दारात, रस्त्यावर, दुकानाच्या पायरीवर, स्कूटरवर ठेवतात. मला पाय कुठं टाकावा कळेना. अंगणात मी बेडकासारख्या उड्या मारत होते. घरमालकीण हसून तेजूला म्हणाली, एकदा उदबत्ती विझली की पाय पडला तरी चालतो. आपल्याकडे असं चालेल का? आमच्या सासूबाईंनी तर निर्माल्य ओलांडलं म्हणून मला आंघोळ करायला लावली होती.

श्रावण होता म्हणून मी मांस-मासे खात नव्हते, पण उपाशी राहिले नाही. भात तिन्ही वेळा. भाज्यांवर शेंगदाण्याचं दाट कालवण ओततात. आपल्या कुटाचीच बहीण. मिरचीचा ठेचा तर असा की पहिल्या घासाला तेजूच्या नाकातून पाणी आलं आणि माझं मन भरलं. सोयाबीनच्या आंबवलेल्या वड्या मात्र मी नुसत्या बघितल्या.

तिसऱ्या दिवशी कतूतनं त्याच्या गावची शेती दाखवली. डोंगर वरपासून खालपर्यंत पायऱ्या पायऱ्यांनी कापलेला, प्रत्येक पायरीत पाणी. एका खाचरात लावणी चालली होती आणि लावत होते सगळे पुरुष! मी तेजूला चिमटा काढला. "फोटो काढ. तुझ्या बाबांना दाखवायचाय."

कतूत म्हणाला, आमच्यात लावणी पुरुषांची, कापणी बायकांची. मला राहवलं नाही. चपला काढल्या, साडी खोचली आणि न विचारता उतरले. एवढं धाडस मी वाडीत कधी केलं नव्हतं. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं ना. एका म्हाताऱ्यानं हसत मूठ माझ्या हातात दिली. अर्धी ओळ लावली. मी मान वर केली तर म्हातारा माझी रोपं एकेक उपटून पुन्हा लावत होता. फार खोल जातात, असं त्यानं बोटानं दाखवलं.

तेजू बांधावर बसून हसत सुटली. तीस वर्षं लावतेय, कुणी माझं रोप उपटलं नव्हतं.

पण खरी मजा सकाळी ओट्यावर होती. चहा घेऊन आम्ही बसायचो आणि मी बोलायची. मी किती बोलते हे मलाच माहीत नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी सासरच्या माळ्यावर पेंढ्यात लपले होते आणि सगळे विहिरीत बघत होते, हे तेजूला मी पहिल्यांदा सांगितलं.

"का लपलीस?"

"पोटात गोळा आला होता. एवढी माणसं, आणि सगळी माझ्याकडे बघत होती."

"मग?"

"मग भूक लागली, उतरले."

ती हसली नाही. तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला.

सहाव्या दिवशी तिला मोठ्या झोक्यावर बसायचं होतं. दोन माडांना बांधलेला, खाली दरी. मी म्हटलं मी लांबून बघते. माझी पोर धीट. पट्टा बांधून बसली, लोकांनी ढकलली आणि दुसऱ्याच हेलकाव्याला अशी किंचाळली की पाखरं उडाली. खाली उतरवली तेव्हा तिला पट्ट्याचा आकडा सोडवेना. मी तिला धरलं आणि कानात म्हटलं, "पेपर बांधू का?"

परत

निघताना घरमालकिणीनं नारळाच्या करवंटीची कोरलेली वाटी दिली. हौसाकाकूंना होईल म्हणून मी ती जपून गुंडाळली, हाताशी होता त्या कागदात, आणि बॅगेत खोल ठेवली. येताना विमान वर गेलं, ओढ्याकडचं खाचर लावून झालं, आणि मग मी पोटावरून हात फिरवला. साडी होती. पेपर नव्हता. तो वाटीभोवती होता, सामानात. घाबरायला उशीर झाला होता, म्हणून मी खिडकीतून ढग बघितले. पिंजलेल्या कापसासारखे दिसतात, पण वरून.

हौसाकाकूंनी वाटी उघडली आणि आधी कागदच ओळखला. "ह्यो तर माझा पेपर. म्हंजी येताना बांधला न्हाईस?"

"विसरले."

"बघ! गुण आला." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "तू कौल लावून गेलीस ना, दुसऱ्या दिवशी झाडाया आले तर दोनी फुलं पडलेली. डावं बी, उजवं बी."

"मग त्याचा अर्थ काय?"

"काय की. मी झाडून टाकली."

मार्गशीर्षात पिरंगुटच्या कार्यालयात तेजूचं लग्न झालं. हळद वाळली होती, शालू नेसून ती खोलीत बसली होती, आणि बायका मुंडावळ्या नीट करत होत्या. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. "आई, पोटात कसंतरी होतंय. एवढी माणसं आहेत बाहेर."

जेवणाच्या टेबलावर अंथरायला पेपर आणले होते, त्यातला एक घेतला. बायकांना बाहेर काढलं. आडवी घडी, अंगाला लागून, नाडीत खोचून. घट्ट ओढून विचारलं, "इतकं?"

"आणखी."

मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट खाली आला. तेजू हार घालायला पुढं झाली आणि पेपर कुरकुरला. पाठीशी उभ्या असलेल्या तिच्या मामानं आवाज कुठनं आला म्हणून आधी मांडवाकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे. तेजूनं गर्दीतून मला शोधलं. आणि चारचौघांत, चारशे माणसांत, मी मोठ्यानं हसले.